दुरुस्तीचा मुहूर्त

कोलोनला पहिल्यांदा येणारा पाहुणा स्टेशनातून बाहेर पडला की आधी मान वर करतो. समोर डोम उभा असतो, ते काळपट दगडाचे, दोन शिखरांचे प्रचंड चर्च. पाहुण्याला फोटो काढायचा असतो, आणि नेमकी कुठल्या तरी शिखराला परांची बांधलेली असते. "हे काम संपणार कधी?" हा प्रश्न आमच्या घरी उतरलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याने विचारला आहे. माझे उत्तर ठरलेले असते, की ते कधीच संपणार नाही. १२४८ साली पाया घातला, सोळाव्या शतकात काम थांबले, अर्धवट दक्षिण शिखरावरची लाकडी यारी १८६८ पर्यंत तशीच उभी होती, आणि १८८० साली इमारत एकदाची पुरी झाली. तेव्हापासून डोमच्या कारखान्यातले पाथरवट, लोहार, काचकाम करणारे रोज दुरुस्तीच करत आहेत. डोम ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवशी जग बुडेल, असे इथली म्हातारी माणसे थट्टेने म्हणतात.

याच गावाची आणखी एक म्हण आहे. कोलोनच्या बोलीत ती 'एट हेट नॉख इमर योत येयांगे' अशी म्हणतात. अर्थ असा, की आजवर नेहमी सगळे ठीकच झाले आहे. बियरच्या पेल्यावर, चहाच्या मगावर, दुकानातल्या पाटीवर ती सगळीकडे दिसते. म्हण गोड आहे, दिलासा देणारी आहे. पण माझा सारा जन्म कॉम्प्युटरवरच्या व्यापारी कामात गेला, आणि त्या कामात या म्हणीइतके धोक्याचे वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही.

आपल्या मंडळातल्या निम्म्याहून अधिक घरांत आज कोणी ना कोणी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाहेरच्यांना वाटते की ही मुले नवे नवे प्रोग्रॅम लिहितात. खरे तर त्यांचा बराचसा वेळ जुन्याला ठिगळ लावण्यात जातो. ते ठिगळ लावायचे कधी? लगेच लावले तर चालणारी गाडी बंद पडण्याची भीती, आणि थांबले तर भोकातून चोर शिरण्याची भीती. लग्नामुंजीचा मुहूर्त पंचांगात सापडतो. दुरुस्तीच्या मुहूर्ताचे पंचांग मात्र गेल्या तीसेक वर्षांत ठेचा खात तयार झाले. त्याचा हा थोडा इतिहास, कोलोनच्या खिडकीतून दिसलेला.

मी १९९१ साली इथे आलो तेव्हा कोलोनचा पत्ता ५००० असा चार आकडी होता. दोन्ही जर्मनी नुकत्याच एक झाल्या होत्या, आणि दोन्हीकडे चार आकडी पिनकोड असल्याने गोंधळ झाला होता. पश्चिमेतल्या बॉनचा आकडा ५३००, पूर्वेतल्या वायमारचाही ५३००. तात्पुरता उपाय म्हणून आकड्याआधी पश्चिमेसाठी 'वे' आणि पूर्वेसाठी 'ओ' हे अक्षर लावत. शेवटी टपाल खात्याने १ जुलै १९९३ ही तारीख जाहीर केली. त्या दिवसापासून देशभर पाच आकडी पिनकोड. घरोघर एक जाडजूड पिवळे पुस्तक आले, टीव्हीवर एक पिवळा हात नाचून नाचून पाच आकड्यांचे गुणगान करू लागला.

लोकांना वाटले, एक आकडाच तर वाढवायचा आहे. कॉम्प्युटरवाल्यांना पहिल्या दिवशीच कळले की तसे नाही. जुन्या एका आकड्याचे नवे अनेक आकडे झाले होते. डोमच्या आसपास ५०६६७, नदीपलीकडच्या डॉइट्झला ५०६७९, शिवाय पोस्ट बॉक्सचे वेगळे आणि मोठ्या कंपन्यांचे स्वतंत्र. म्हणजे गिऱ्हाइकाचा रस्ता आणि घरनंबर पाहिल्याशिवाय नवा आकडा देताच येत नव्हता. ज्यांच्या यादीत रस्त्याची नावे चुकीची लिहिलेली होती त्यांची पहिल्यांदा पंचाईत झाली. फाइलीत चार अक्षरांचीच जागा ठेवलेली, छापील फॉर्मवर चारच चौकोन, मालाच्या गाडीचा मार्ग पहिल्या दोन आकड्यांवरून ठरवणारा प्रोग्रॅम तिसऱ्याच कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेला. व्यापारी कॉम्प्युटरचे हेच वैशिष्ट्य आहे. एक धागा ओढला की सगळी गोधडी हलते.

पण त्या कामात एक मोठी सोय होती. तारीख आधीपासून ठरलेली होती. तालीम करता आली, चुका आधी सापडल्या, आणि १ जुलैला पत्रे पोहोचली.

या गोधडीची शिवण कशी असते ते थोडक्यात सांगतो. १९७२ साली आयबीएम सोडून पाच जणांनी सॅप ही कंपनी काढली. त्यांचे पहिले काम ओस्ट्रिंगन गावातल्या एका नायलॉन कारखान्यासाठी होते. हिशेब, गोदाम, खरेदी, विक्री ही खाती तोवर वेगवेगळ्या वह्यांत असत. ती एकाच यंत्रात आणायची ही त्यांची कल्पना. १९९२ साली त्यांचे आर-थ्री नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि जर्मनीतल्या मध्यम कंपन्याही त्यावर जाऊ लागल्या. त्याबरोबर एक शिस्त आली, जी आज आपल्या मुलांना श्वासासारखी सहज वाटते. एकाच सॉफ्टवेअरची तीन बिऱ्हाडे ठेवायची. पहिल्यात लिहायचे, दुसऱ्यात तपासायचे, आणि तिसऱ्यात, जिथे खरा धंदा चालतो तिथे, कोणी हातही लावायचा नाही. बदल पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गाठोडे बांधून न्यायचा. त्याआधी पुष्कळ ठिकाणी चालत्या यंत्रावरच बसून प्रोग्रॅम बदलत. धावत्या बैलगाडीचे चाक बदलण्यासारखेच ते.

माझी स्वतःची ठेच सांगतो, कंपनीचे नाव न घेता. १ एप्रिल १९९८ रोजी जर्मनीतला विक्रीवरचा कर १५ टक्क्यांवरून १६ झाला. मी ज्या घाऊक व्यापाऱ्याकडे होतो तिथल्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये १५ हा आकडा सरळ लिहिलेला होता. मी तो ३१ मार्चच्या संध्याकाळी १६ केला, दोन बिले छापून पाहिली, बरोबर आली, घरी गेलो. तीन आठवड्यांनी हिशेबखात्यातल्या बाईंनी मला बोलावले. मार्चमध्ये विकलेला आणि एप्रिलमध्ये परत आलेला माल होता. त्याचे पैसे परत देताना माझा प्रोग्रॅम १६ टक्क्यांनी कर परत करत होता. घेतले होते १५, देत होतो १६. कर बिलाच्या तारखेवर नव्हे, माल दिल्याच्या तारखेवर ठरतो, हे त्या बाईंना ठाऊक होते; मी त्यांना विचारलेच नव्हते. पैसे फार नव्हते, पण दोनशेच्या वर कागद हाताने दुरुस्त करावे लागले. त्या चिडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही नवे तपासलेत, जुने तपासले नाहीत." माझ्या आयुष्यातले सर्वांत उपयोगी शिक्षण ते. नवा प्रोग्रॅम जुन्या माहितीबरोबर संसार करणार असतो. तपासणी त्या संसाराची करायची असते.

हेच पुढे देशभर झाले. जून २०२० मध्ये सरकारने जाहीर केले की करोनाच्या मंदीवर उपाय म्हणून १ जुलैपासून सहा महिने कर १९ चा १६ होणार आणि मग पुन्हा १९. हातात महिनादेखील नव्हता. गल्लीतल्या बेकरीपासून मोठ्या साखळी दुकानांपर्यंत सगळ्यांचे गल्ले बदलायचे होते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तसेच करायचे होते. ज्यांच्याकडे कराचा दर तारखेसह एका तक्त्यात होता त्यांचे काम एका ओळीचे झाले. ज्यांच्याकडे माझ्यासारखा आकडा प्रोग्रॅमभर विखुरलेला होता त्यांनी रात्री जागवल्या.

आता आपल्या लोकांच्या आयुष्यात ज्याने उलथापालथ केली त्या कामाकडे येतो. साठ-सत्तरच्या दशकात जागा महाग म्हणून साल दोनच आकड्यांत लिहीत. १९९९ नंतर ००, म्हणजे यंत्राच्या मते १९००. बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या यांच्या कोट्यवधी ओळी तपासायच्या होत्या, आणि त्या भाषा येणारी माणसे युरोप-अमेरिकेत निवृत्त होत होती. हे काम मोठ्या प्रमाणात मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नईच्या कंपन्यांकडे गेले. त्याच सुमारास युरो आला. १ जानेवारी १९९९ पासून हिशेबात आणि १ जानेवारी २००२ पासून खिशात. एक युरो म्हणजे १.९५५८३ मार्क, यातला एकही आकडा तोडायला परवानगी नव्हती. फ्रँकमधून मार्कमध्ये जाताना थेट गुणाकार चालत नसे. आधी युरोत न्यायचे, निदान तीन दशांश ठेवायचे, मग मार्कमध्ये आणायचे. पैशा-दोन पैशांचा फरक लाखो ओळींत किती होतो हे ज्यांनी तेव्हा पाहिले ते विसरलेले नाहीत.

३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री बाहेर ऱ्हाइनवर फटाके उडत असताना आमच्यापैकी कित्येक जण ऑफिसात थंड कॉफी पीत बसले होते. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी विचारले, मग एवढा पैसा कशाला घातला? दुरुस्तीवाल्याच्या नशिबी हे नेहमीच असते. काम चांगले झाले तर दिसण्यासारखे काहीच उरत नाही. त्यातून चुकीचा धडाही शिकला जातो, की काही होत नसते. आजवर नेहमी ठीकच झाले आहे! पण बरोबर दहा वर्षांनी, १ जानेवारी २०१० ला, जर्मनीतली सुमारे ३ कोटी बँक कार्डे २०१० हे साल ओळखेनाशी झाली. सुट्टीवर गेलेली माणसे परदेशात पैशांवाचून अडकली. एवढी कार्डे बदलण्यापेक्षा बँकांनी आधी पैसे देणारी यंत्रे तात्पुरती सांभाळून घेतली आणि मग गिऱ्हाइकाने कार्ड यंत्रात घातले की चिपमधला दोष तिथेच दुरुस्त होईल अशी योजना केली. घाईत आधी वाट मोकळी करायची आणि मूळ दुखणे नंतर सावकाश बरे करायचे, याचा हा चांगला नमुना आहे.

दोन हजार सालच्या त्या कामामुळेच भारतीय प्रोग्रॅमरचे नाव जर्मनीत झाले. चान्सलर श्र्योडर यांच्या सरकारने १ ऑगस्ट २००० पासून बाहेरच्या संगणकतज्ज्ञांसाठी २०,००० जणांपर्यंत 'ग्रीन कार्ड' देण्याची योजना आणली. आमच्या प्रांतात त्याच वसंतात निवडणूक होती, आणि भारतीय आणण्यापेक्षा आपल्या मुलांना शिकवा अशा अर्थाची, यमक जुळवलेली घोषणा प्रचारात फिरत होती. ती वाचत ट्रॅमने कामावर जाण्याचे दिवस जुन्या मंडळींना आठवत असतील. असो. आपली मुले आली, राहिली, आणि आज याच गावातल्या विमा कंपन्यांची, दुकानांची, विमानांची यंत्रे त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाताने चालतात.

पिनकोड, साल, युरो, कर या सगळ्यांना तारीख होती. २००३ नंतर जमाना बदलला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याचा परिपाठ पाडला, २०१० पासून सॅपनेही सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी तोच वार धरला. आता दुरुस्ती दरमहा दाराशी येऊ लागली, आणि तिच्याबरोबर एक नवी अडचणही. दुरुस्ती जाहीर होते त्याच क्षणी भोक कुठे आहे हे चोरालाही कळते.

थांबण्याची किंमत २०१७ साली दिसली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला एक दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा किडा त्याच भोकातून जगभर शिरला. इंग्लंडच्या इस्पितळांत ऑपरेशने रद्द झाली. इथे जर्मन रेल्वेच्या स्टेशनांवर गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या पाट्यांवर खंडणीची चिठ्ठी झळकली. दुरुस्ती दोन महिने हाताशी होती. ज्यांनी लावली ते शांत झोपले.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला, आली दुरुस्ती की लावा. पण दीडच महिन्यात उलटे उदाहरण घडले, आणि तेही आपल्या दाराशी. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या दुरुस्तीतूनच 'नॉटपेट्या' हा किडा पसरला. चोरांनी दुरुस्ती पाठवणाऱ्याच्याच घरात ठाण मांडले होते. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कंटेनर घेऊन आलेले ट्रक न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर उभे राहिले. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, आणि कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला. म्हणजे वेळेवर औषध न घेतल्याने एक मेला, तर दुसरा औषधाच्या बाटलीतूनच विष प्यायला.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक अवघड जागा आहे, आणि ती आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिट्रिक्स या कंपनीच्या एका यंत्रणेत भोक असल्याचे जाहीर झाले. दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये आली. ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ इस्पितळाने सांगितले की त्यांनी ती आल्याबरोबर लावली. तरीही १० सप्टेंबर २०२० रोजी त्यांचे ३० सर्व्हर कुलूपबंद झाले. दुरुस्ती येण्याआधीच्या मधल्या दिवसांत चोर आत येऊन लपला होता. दार बंद केले ते चोराला आत ठेवून. जवळजवळ दोन आठवडे तातडीचे रोगी तिथे घेता आले नाहीत. त्यात एका अत्यवस्थ स्त्रीला वूपर्टालला न्यावे लागले, उपचार सुमारे तासभर लांबले आणि ती दगावली. चौकशी कोलोनच्या सरकारी वकिलांच्या सायबर गुन्हे विभागाकडे आली. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचा गुन्हा लावता येतो का, हे त्यांनी सुमारे दोन महिने तपासले आणि शेवटी सांगितले की तेवढ्या उशिरामुळेच मृत्यू आला असे सिद्ध होत नाही, आजारच तितका गंभीर होता. कायद्याने प्रश्न मिटला. पण आपण कॉम्प्युटरवाले ज्याला 'मेंटेनन्सची वेळ' म्हणतो तिच्या दुसऱ्या टोकाला रुग्णवाहिकाही असू शकते, हे त्या दिवसापासून मला विसरता आलेले नाही.

आणि घाईची कथा? १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक ही कंपनी चोरांपासून रक्षण करणारे सॉफ्टवेअर देते. आमच्या घड्याळात सकाळी सहा वाजून नऊ मिनिटांनी, म्हणजे भारतात नऊ एकोणचाळीसला, तिने एक छोटी फाइल सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम पाठवली. ७८ मिनिटांनी मागे घेतली. तोवर सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले होते. बर्लिनचा विमानतळ थांबला, युरोविंग्जची विमाने रद्द झाली, आणि भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चूक सर्वांच्याच हातून होते. इथे मुख्य दोष हा, की ती फाइल आधी हजार जणांना, मग लाखांना, अशी टप्प्याटप्प्याने गेली नाही. धंद्यातले लोक अशा पहिल्या थोड्यांना 'कॅनरी' म्हणतात. खाणीत विषारी वायू आहे का ते कळावे म्हणून कामगार तो पिवळा पक्षी बरोबर नेत. आपल्याकडे आई आमटीचा एक थेंब तळहातावर घेऊन चाखते, मग ताटात वाढते. तेच हे.

बिघडले तर मागे फिरू, असे आपण सहज म्हणतो. मागे फिरणे हाही एक बदलच असतो, हे २०१२ ने शिकवले. जून महिन्यात ब्रिटनच्या आरबीएस बँकसमूहाने रात्रीची कामे ओळीने लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. काही खटकले म्हणून ती काढून जुनी परत घातली. पण मधल्या काळात नव्या आवृत्तीने केलेले काम जुनीला वाचताच येईना. लाखो लोकांचे पगार आणि हप्ते अडकले. पुढे बँकेला ५ कोटी ६० लाख पौंड दंड झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाल कंपनीने आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा प्रोग्रॅम बसवला, आठवा राहून गेला. त्यात पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि भलत्याच ऑर्डरी देऊ लागला. घाबरून त्यांनी सातांवरचा नवा प्रोग्रॅम काढला, तेव्हा आठही वेडे झाले. पाऊण तासात ४० कोटी डॉलरच्या वर नुकसान, आणि कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

मग पंचांगात काय लिहायचे? इतक्या वर्षांनी मी स्वतःशी जे प्रश्न विचारतो ते तरुण मंडळींसाठी मांडतो.

पहिला प्रश्न, ही दुरुस्ती केली नाही तर उद्या काय होईल, महिन्याने काय होईल? भोक इंटरनेटकडे उघडे असेल आणि चोर फिरत असतील तर धोका तासांनी वाढतो. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' नावाच्या छोट्या भागात भोक सापडले तेव्हा शेजारच्या बॉनमधल्या संगणक सुरक्षा कार्यालयाने लाल इशारा दिला होता. अशा वेळी आठवडाभर तपासत बसणे हा शहाणपणा नव्हे. पण तेव्हाही पहिली दुरुस्ती अपुरी निघाली, मागोमाग दुसरी-तिसरी द्यावी लागली. म्हणून तात्पुरते दार लावून घ्या, त्या यंत्राचा बाहेरचा संबंध तोडा, आणि ड्युसेलडॉर्फ आठवून चोर आधीच आत नाही ना ते पाहा. दोष बंद खोलीतला असेल, धंदा चालू असेल, तर पुढच्या ठरलेल्या खिडकीपर्यंत थांबण्यात लाज नाही.

दुसरा प्रश्न, हा बदल कुणाकुणाला शिवतो? याचे उत्तर प्रोग्रॅमरकडे नसते. हिशेबखात्यातल्या बाईंकडे, गोदामातल्या मुकादमाकडे असते. त्यांना विचारल्याशिवाय 'हो' म्हणू नये, आणि शेवटचा 'हो'ही ज्याचा धंदा त्याचाच असावा.

तिसरा, तालीम खऱ्यासारखी झाली का? दहा बिलांवर चाललेला प्रोग्रॅम दहा लाख बिलांवर चालतोच असे नाही. जुनी बिले, परत आलेला माल, अर्धवट ऑर्डरी या सगळ्या त्या तालमीत हव्यात.

चौथा, परतीच्या वाटेवर आपण स्वतः चालून पाहिले आहे का, आणि ती वाट किती वाजेपर्यंत उघडी आहे? माहितीची प्रत ठेवली आहे, एवढ्याने भागत नाही. त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून पाहिलेले असावे, आणि त्याला किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजलेले असावे. आणि नव्या यंत्रावर पहिली खरी ऑर्डर नोंदली गेली की परतीचा दरवाजा लोटला जातो. तो क्षण आधी कागदावर लिहून ठेवावा.

पाचवा, धंद्याचे पंचांग काय म्हणते? महिनाअखेर, पगाराचा दिवस, वर्षाचे हिशेब, नाताळची विक्री या काळात जर्मन कंपन्या बदल बंदच ठेवतात. कोलोनला त्यात एक भर आहे. कार्निव्हलच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी बायका पुरुषांचे टाय कापतात आणि सोमवारची मिरवणूक संपेपर्यंत फोन उचलायला कोणी नसते. दिवस फेब्रुवारी-मार्चचे, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! तेव्हा आमच्याकडे कोणीही शहाणा माणूस यंत्राला हात लावत नाही. यात विनोद कमी आणि विचार जास्त आहे. बदलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो समजणारी माणसे जागेवर असली पाहिजेत. शुक्रवारी संध्याकाळी केलेल्या कामाचे साक्षीदार शनिवारी नसतात.

एक गोष्ट मात्र या प्रश्नांच्याही पलीकडची आहे. मुहूर्त शोधत शोधत दुरुस्ती टाळत राहण्याचा मोह होतो. दोन वर्षे साचलेल्या दुरुस्त्या एकदम लावणे हे दर महिन्याला एक लावण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे असते, कारण बिघडले तर कशाने बिघडले तेच कळत नाही. सॅपने आपल्या जुन्या सॉफ्टवेअरची नियमित देखभाल २०२५ ऐवजी २०२७ अखेरपर्यंत वाढवली, तेव्हा पुष्कळ कंपन्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि दोन वर्षे नुसतीच घालवली. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय सातासमुद्रापलीकडेही तीच आहे.

शेवटी पुन्हा गावाकडे येतो. ३ मार्च २००९ च्या दुपारी दोनच्या सुमारास कोलोनचे नगर अभिलेखागार कोसळले. जवळच भुयारी रेल्वेचे काम चालू होते. शेजारच्या घरातली दोन तरुण मुले गेली. हजार वर्षांची कागदपत्रे, सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या फळ्या भरतील एवढी, खड्ड्यात आणि पाण्यात पडली. आतली माणसे वाचली, कारण काहीतरी चुकते आहे हे दिसताच तिथल्या कामगारांनी धावत जाऊन त्यांना बाहेर काढले. नंतर अनेक वर्षे माणसे हाताने चिखल पुसून पाने वेगळी करत राहिली; बहुतेक कागद सापडले, पण त्यांतले पुष्कळसे दुरुस्तीच्या प्रतीक्षेतच राहिले. जुन्या कागदांपैकी बऱ्याच भागाची मायक्रोफिल्म फार पूर्वी काढून दूर डोंगरातल्या बोगद्यात ठेवलेली होती, हाच तेव्हा आधार. नवी इमारत २०२१ साली उघडली.

त्या आठवड्यात ट्रॅममध्ये ती गोड म्हण कोणी उच्चारली नाही. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने खिडकीतून बाहेर पाहत मला एवढेच सांगितले, "डोमला परांची असते ना, तीच खरी. परांची दिसेनाशी झाली की समजा, कोणी बघत नाही."

पुढच्या वेळी पाहुणे आले आणि फोटोत परांची आली म्हणून हळहळले, की त्यांना हे सांगा. आणि घरातला मुलगा किंवा सून रविवारी पहाटे चारला उठून लॅपटॉप उघडताना दिसली तर रागावू नका. बहुधा तोच मुहूर्त असेल. चहा मात्र करून द्या.